दीड इंच माया

मास्तरीणबाईंनी सुतारकाम सुरू केलं तेव्हा त्यांचं वय होतं एकसष्ट आणि उंची चार फूट अकरा इंच. वयाबद्दल सगळेच बोलले. उंचीबद्दल फक्त व्याही बोलले, कारण एवढ्याशा बाईला करवत चालवायला कामाचं टेबल किती उंच लागेल, हा हिशोब त्यांना करायचा होता.

हौस, असं सगळ्यांनी म्हटलं. लेक फोनवर म्हणाली, "आई, हौस समजू शकते मी, पण करवतीची?" खालच्या मजल्यावरची शेजारीण म्हणाली, चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवून बाईंचं डोकं पिकलं, आता करू दे काय करायचं ते. बाईंनी सगळ्यांना हसून हो हो म्हटलं. खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. ते कारण पुढच्या खोलीत वेताच्या खुर्चीत बसलं होतं. सहा फूट दोन इंच उंचीचं होतं, आणि त्याला त्या खुर्चीतून आपलं आपण उठता येत नव्हतं.

बाईंचा नवरा शाळेत कवायत शिकवायचा. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी त्याला अजून सगळे ड्रिलमास्तरच म्हणायचे. तीस वर्षं त्यांनी मैदानावर उभं राहून "ऊठ! बस!" केलं, गृहपाठ न करणाऱ्यांपासून वर्गात पेंगणाऱ्यांपर्यंत हजारभर पोरांना उठाबशा काढायला लावल्या. मग गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं, आत सळी घातली. डॉक्टरांनी काम चोख केलं होतं. एकदा उभे राहिले की ड्रिलमास्तर काठी घेऊन घरभर ताठ फिरायचे. बसल्यावर उठणं तेवढं जमत नव्हतं. हजार पोरांच्या उठाबशांतली नेमकी 'ऊठ' त्यांच्याकडून वसूल झाली होती.

उठायचं असलं की ते हाक मारत नसत. दोनदा खोकत. बाई हातातलं काम टाकून यायच्या, समोर उभ्या राहायच्या, त्यांच्या काखेत हात घालायच्या आणि दोघं मिळून एक, दोन, तीन करायचे. बाईंचं डोकं त्यांच्या छातीला लागायचं. उभे राहिले की ड्रिलमास्तर शर्ट नीट करायचे आणि खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "आज हवा बरी आहे." आभार मानायची त्यांची ही रीत होती, आणि बाईंना ती कळत होती.

एक दिवस बाई बटणं आणायला गेल्या आणि दुकानात गर्दीत अडकल्या. परत आल्या तेव्हा ड्रिलमास्तर खुर्चीतच होते. मांडीवर वर्तमानपत्र पसरलेलं होतं, आणि ते ओलं होतं. खुर्चीखाली फरशीवर ओघळ आला होता. किती वेळ ते एकटे खोकत बसले असतील कोण जाणे.  बाईंनी त्यांना उठवलं, कपडे बदलले, फरशी पुसली. त्या दिवशी हवेबद्दल ते काही बोलले नाहीत. 

बाईंनी तोवर बाकीचे उपाय करून पाहिले होते. उशा घातल्या तर त्या दबून मास्तर आणखीच खाली जायचे. खुर्चीखाली विटा ठेवल्या तर म्हणाले, "विटांवर चढवायला मी काय पाण्याची टाकी आहे?" औषधांच्या दुकानातून चकचकीत दांड्यांची खुर्ची आणली तर तिच्याकडे त्यांनी अशी नजर टाकली की बाईंनी ती दुपारीच परत पाठवली. आजाऱ्याची म्हणून आलेली कुठलीही वस्तू त्या घरात टिकणार नव्हती.

आणि व्याह्यांना सांगायची तर सोयच नव्हती. व्याही म्हणजे लेकीचे सासरे, पक्के सुतार, चार गल्ल्या सोडून त्यांचं दुकान. त्यांनी एका दिवसात खुर्ची ठोकून दिली असती. पण ड्रिलमास्तरांना आपली ही अवस्था जर कुणाला दिसू द्यायची नव्हती, तर ती व्याह्यांना. दर गुरुवारी दोघं बुद्धिबळ खेळायचे. हरले तरी, जिंकले तरी, व्याही निघाले की ड्रिलमास्तर उठून त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला जायचे. दारापर्यंत नाही, जिन्यापर्यंत. पडल्यापासून पट कपाटावर गेला. डोळे दुखतात, असं कारण सांगितलं. तरी व्याही अधूनमधून डोकवायचे, आणि त्यांची निघायची वेळ झाली की ड्रिलमास्तरांना बरोबर झोप लागायची. बसल्या जागी मान टाकून घोरायचे. व्याही चपला हातात घेऊन बाहेर पडायचे.

तेव्हा खुर्ची करायची तर ती आपणच, आणि ती नवऱ्यासाठी आहे हे कुणाला कळू न देता. एवढं ठरल्यावर बाई व्याह्यांच्या दुकानात गेल्या आणि म्हणाल्या, "मला सुतारकाम शिकवा."

व्याह्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा लावली. त्यांचा मुलगा, म्हणजे बाईंचा जावई, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसायचा आणि घरचा स्क्रू ढिला झाला तर बापाला फोन करायचा. आपलं काम कुणीतरी आपण होऊन शिकायला मागेल, ही आशा व्याह्यांनी सोडूनच दिली होती. ते इतके खूश झाले की त्यांना कारण विचारायचं सुचलं नाही.

"जागा कुठे आहे?" एवढंच त्यांनी विचारलं.

जागा होती मागची गॅलरी. तिथे कपडे वाळत, एक गंजलेला कूलर होता आणि लेकीची लहानपणची सायकल होती. बाईंनी दोन दिवसांत सगळं हलवलं. सायकल लेकीकडे रवाना झाली, कूलर भंगारात गेला, दोऱ्या आतल्या खोलीत आल्या. दोन भिंतींमध्ये अडकवून एक जाड फळी बसवायची आणि तेच कामाचं टेबल, असं व्याह्यांनी कागदावर काढून दाखवलं. "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माप घ्या आणि मला कळवा. अगदी नेमकं हं."

माप घेणं हे बाईंना सांगायला नको होतं. गळ्यात टेप होतीच. अठ्ठावन्न इंच. दुसऱ्या दिवशी व्याही अठ्ठावन्न इंचांची फळी खांद्यावर घेऊन आले, ती भिंतींवर ठोकलेल्या पट्ट्यांवर बसवली, आणि एका टोकाला पाऊण इंचाची फट राहिली. ठेवलेली पेन्सिल घरंगळत गेली आणि फटीतून खाली पडली.

व्याही कपाळाला आठ्या घालून फळीकडे बघत राहिले. पस्तीस वर्षांत त्यांची फळी कमी पडली नव्हती. त्यांनी खिशातली पोलादी टेप काढली, भिंत मोजली. मग बाईंच्या गळ्यातली कापडी टेप मागून घेतली, दोन्ही शेजारी शेजारी धरल्या, आणि हसता हसता त्यांना स्टुलावर बसावं लागलं.

"विहीणबाई, किती वर्षांची आहे ही?"

"लेकीच्या वयाची."

"ताणलीय हो! रबरासारखी ताणलीय. हिचा इंच सरकारी इंचापेक्षा मोठा आहे. या टेपवर तुम्ही एवढ्या लोकांचे कपडे बेतलेत?"

"बेतले. कुणाची तक्रार आली का?" बाई फणकारल्या. "माणूस याच टेपने मोजला, कापडही याच टेपने मोजलं. दोघांना एकच इंच. बिघडलं कुठे?"

 आपली पोलादी टेप व्याह्यांनी बाईंना देऊन टाकली. फट मात्र राहिलीच. बाईंनी तिच्यात करवत अडकवून ठेवली, आणि ती तिथे अशी फिट्ट बसली की बघणाऱ्याला मुद्दाम केलंय असं वाटावं.

मग रोज सकाळी तासभर शिकवणी सुरू झाली. व्याह्यांनी आपली जुनी हत्यारं आणली: एक रंधा, खाचा पाडायच्या तीन पटाश्या, काटकोन तपासायचा गुण्या, फळीला लावायचा लोखंडी शिकंजा. भोकं पाडायचं यंत्र आणू का, असं त्यांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "नको. घरात एक ड्रिल आहे तेवढं बास." आतून वर्तमानपत्राचं पान जरा जोरात उलटलं गेलं. व्याह्यांनी दुसऱ्या दिवशी ते आणलंच.

बाईंचा हात तयार होता, डोळा तयार होता. रंध्याच्या ढलप्या पहिल्याच आठवड्यात पातळ आणि सलग निघू लागल्या. एकाच गोष्टीवरून गुरुशिष्यांचं रोज वाजायचं, आणि ती म्हणजे माया. कपडा बेतताना शिंपी शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडतो, उद्या माणूस सुटला किंवा पोर वाढलं तर उसवून मोठं करता यावं म्हणून. त्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. बाईंनी आयुष्यभर माया सोडून कापलं होतं. त्यांची करवत खुणेवर यायची आणि आपोआप अर्धा इंच पलीकडे सरकायची.

"खुणेवर! खुणेवर कापा!" व्याही ओरडायचे. "हे कापड नाही. लाकडाला माया नसते, विहीणबाई."

"थोडी असली तर काय होतं? जास्त झालं तर काढता येतं. कमी पडलं तर तुम्ही जोडून देणार आहात का?"

"सांध्यात बसणार नाही ते! आणि खुर्चीचा पाय लांब ठेवून काय उपयोग? खुर्चीची बैठक अठरा इंच. जगात कुठेही जा, अठरा. तुम्हाला तर सोळा पुरे."

कारण आपण शिवणयंत्रापुढे बसायला खुर्ची करणार, असं बाईंनी त्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी मान डोलावली. खाचा आणि त्यात बसणाऱ्या जिभा त्यांनी निमूट खुणेवर कापल्या, कारण तिथे व्याह्यांचं खरं होतं हे त्यांना पटलं होतं. पायांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

एका दुपारी त्या पुढच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "पाय सरळ करा. पँट बेतायची आहे."

"मला कशाला पँट? कुठे जायचंय?"

"घरात काय लेंग्यावरच बसणार आहात जन्मभर? हलू नका."

ड्रिलमास्तर हलले नाहीत. या टेपपुढे उभं राहायची त्यांना बेचाळीस वर्षांची सवय होती. बाईंनी गुडघ्याच्या मागून टाचेपर्यंत मोजलं: वीस इंच. सीट मोजली. पँटचीही सीटच आणि खुर्चीचीही सीटच, तेव्हा ते सोपं होतं. मग बाहीचं निमित्त करून बसल्या जागेपासून कोपरापर्यंतची उंची घेतली, म्हणजे हात कुठे टेकतील ते कळलं. पोलादी टेप त्यांनी मुद्दामच आणली नव्हती. माणूस या टेपने मोजला, तर लाकूडही याच टेपने मोजायचं, बिघडायचं कुठे? टेप गुंडाळताना त्यांना जाणवलं की मांडी केवढी बारीक झालीय.  त्या म्हणाल्या, "कापड चांगलं बघते," आणि गॅलरीत गेल्या.

खुर्चीला तीन आठवडे लागले. पुरी झाल्यावरच दाखवीन, असं सांगून बाईंनी तेवढे दिवस शिकवणी बंद ठेवली. एक पाय चिरला, तो परत केला. बोटावर पटाशी बसली, पट्टी बांधून पुढे चालू. पायांवर त्यांनी वीस इंचांची खूण केली, करवत ठेवली, आणि त्यांचा हात थबकला. वीस म्हणजे या खुर्चीत बसले तर पाय बरोबर टेकतील. पण उठतील का? माणूस बसतो कसा हे टेप सांगते, उठतो कसा हे कुठली टेप सांगणार? बाईंनी आणखी दीड इंच सोडला. मागाहून काढता येईल, चारी पाय एका रेषेत कापायचे की झालं. खुर्चीचे हात मात्र दणकट केले, धरायला गोल, पुढे जरा निघालेले.

शेवटचा गोंद सुकला तो गुरुवार होता. गॅलरीत वळायला जागा नव्हती म्हणून बाईंनी खुर्ची ओढत पुढच्या खोलीत आणली.

ड्रिलमास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "हा उंट कुणाचा?"

"माझा. सरावाचा आहे. डळमळतो का बघायचंय, पण माझ्या वजनाला तो काय दाद देणार? जरा तुम्ही बसून बघा."

तपासणीसाठी बसायला ड्रिलमास्तरांची हरकत नव्हती. एक, दोन, तीन करून ते वेतातून निघाले आणि नव्या खुर्चीत बसले. इकडे रेलले, तिकडे रेलले. हातांवरून तळवे फिरवले. "डळमळत नाही," त्यांनी निकाल दिला, आणि एवढ्यात घंटी वाजली.

व्याही आत आले ते थेट खुर्चीकडेच बघत. बसलेल्या माणसाला राम राम करायचंही त्यांना सुचलं नाही. ते खाली वाकले, सांधे बोटांनी चाचपले आणि त्यांचा चेहरा फुलला. "सांधा बघा! केस जायचा नाही यात." मग त्यांनी खिशातून नवी टेप काढली, बैठकीपासून जमिनीपर्यंत लावली, आणि फुललेला चेहरा पडला.

"पावणेबावीस? विहीणबाई! तुमचे पाय हवेत लोंबतील. दहा वेळा सांगितलं, लाकडाला माया नसते. एवढं सुंदर काम आणि चार पायांवर पावणेचार इंच फुकटचं लाकूड!" ते तरातरा गॅलरीत गेले आणि फटीतली करवत घेऊन आले. "दहा मिनिटांचं काम आहे. आत्ता उडवून देतो. उठा ड्रिलमास्तर, उठा जरा."

 ड्रिलमास्तरांनी बायकोकडे बघितलं. इतक्या महिन्यांत त्यांनी तिच्याकडे असं बघितलं नव्हतं. झोपायची सोय नव्हती, डोळे सताड उघडे होते, समोर व्याही करवत घेऊन उभे. बाईंच्या मनात आलं: आपण काय करून बसलो, बाकी कुणाला दिसू नये म्हणून एवढा खटाटोप केला आणि शेवटी आपल्याच हाताने यांना चव्हाट्यावर आणून बसवलं. त्या एक पाऊल पुढे झाल्या. आता खोकतील, असं त्यांना वाटलं. खोकले असते तर त्यांनी व्याह्यांसमोर, जगासमोर, काखेत हात घातले असते.

ड्रिलमास्तर खोकले नाहीत. त्यांनी खुर्चीचे हात धरले. पाय जरा मागे घेतले, छाती पुढे झुकवली. तळव्यांवर जोर आला, कोपरं सरळ होऊ लागली, ओठ आवळले गेले, आणि ते उठले. हळूहळू, पण मध्ये कुठेही न थांबता, सहा फूट दोन इंच पूर्ण होईपर्यंत उठले.

 ड्रिलमास्तरांनी शर्ट नीट केला. "आज हवा बरी आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला.

व्याही करवत हातात धरून त्या खुर्चीकडे बघत होते. तिची उंची, तिचे दणकट हात, आणि शेजारी उभा असलेला उंच माणूस. पस्तीस वर्षं माणसांसाठी खुर्च्या केलेल्या त्या सुताराला एकेक गोष्ट कळत गेली. ते गॅलरीत गेले, करवत फटीत परत अडकवली आणि बाहेर येऊन बाईंना म्हणाले, "राहू द्या."

"काय?"

"माया. आहे तेवढी राहू द्या."

चहा झाला. व्याही निघाले, तसे ड्रिलमास्तर पुन्हा खुर्चीचे हात धरून उठले आणि काठी टेकत त्यांना पोचवायला गेले. दारापर्यंत नाही, जिन्यापर्यंत. बाई आतून ऐकत होत्या.

"पुढच्या गुरुवारी या. पट काढून ठेवतो."

"डोळे दुखायचे थांबले?"

"थांबले."

"बरं झालं." व्याही दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. "एक सांगू का ड्रिलमास्तर? झोपलेला माणूस चष्मा काढतो."

 मग दोघंही हसले, आणि ते हसणं खालच्या मजल्यावर जाऊन पुन्हा वर आलं.

बाई गॅलरीत जाऊन भुसा झाडू लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि भुसा ओला होऊन झाडूला चिकटत होता, तरी त्यांनी झाडणं सोडलं नाही. काठीचा आवाज परत आत आला. खुर्ची जराशी करकरली. मग पुन्हा करकरली. मग पुन्हा. बाईंनी कान दिला.

"चार," आतून आवाज आला. मैदानावरचा आवाज, थोडा धापा टाकणारा. "पाच."

"अहो, काय चाललंय?"

"सहा."

"पुरे करा! पहिल्याच दिवशी?"

"दहा काढायच्या आहेत. शिक्षा आहे."

"कसली शिक्षा?"

"खोटं झोपलं की दहा," ड्रिलमास्तर म्हणाले. "शाळेचा नियम आहे. सात."